तलवार संपत नाही

थोरलीच्या योद्ध्याने तलवार उपसली, तोवर राक्षस जळून खाक झाला होता. धाकटीच्या जादूगाराने लांब उभं राहून एक मंत्र म्हटला आणि विषय मिटवला. थोरलीने हातातला फासा न टाकताच खाली ठेवला.

रविवारी दुपारी बाबांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ चाले. टेबलावर नकाशा, नकाशावर सोंगट्या. मास्तरने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतंय ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. शेजारचे दातांचे डॉक्टर चोर होते आणि अगदी मनापासून होते. खेळ याच घरात का, तर आतल्या खोलीत बाबा अंथरुणाला खिळलेले. आणि थोरलीला योद्धा का, तर योद्ध्याचं काम सोपं. बाबांनी हाक मारली की ती उठून जाई आणि तिच्या वाटचा फासा कुणीही टाकी. तलवार मारायला डोकं लागत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पदरी पडलं पवित्र झालं म्हणून तीही कधी कुरकुरली नव्हती.

सुरुवातीला ते खपूनही गेलं. पण पात्रं जसजशी मुरत गेली तसा जादूगार उडू लागला, भिंतीतून आरपार जाऊ लागला, मेलेल्या माणसांशी गप्पा मारू लागला. योद्धा आधी एकदा तलवार मारायचा, आता दोनदा मारायचा.

"ताई, तुमच्यावर अन्याय होतोय, हे आलंय माझ्या लक्षात," मास्तर म्हणाला. माणूस न्यायी, शाळेतले पेपरसुद्धा दोनदा तपासायचा. "म्हणून या गुहेत तुमच्यासाठी एक तलवार ठेवलीय. फिरवली की वीज पडते. म्हणजे तुम्ही दोघी बरोबरीत."

"घे ना ताई," धाकटी म्हणाली. "मजा येईल."

"नको. नाकापेक्षा मोती जड."

"मग काय हवंय तुम्हाला?" मास्तरने विचारलं.

ते थोरलीला चटकन सांगता आलं नाही. तेवढ्यात धाकटी नेहमीप्रमाणे म्हणाली, "माझे मंत्र संपले हं. इथेच मुक्काम करू." संपलेले मंत्र रात्रभर झोपल्याशिवाय परत येत नाहीत, असा नियम होता. त्यामुळे प्रत्येक लढाईनंतर अख्खी टोळी अंग टाकायची. मास्तरने सवयीने जादूगाराची सोंगटी आडवी केली, चोराची आडवी केली आणि योद्ध्याची गुहेच्या तोंडाशी उभी केली.

थोरली त्या उभ्या सोंगटीकडे बघत राहिली.

"हा का उभा?"

"पहाऱ्याला."

"दर वेळी हाच?"

"तुमचा जागाच असतो ना कायम." मास्तरने नियमांचं पुस्तक उघडलं. "जादूगाराचे मंत्र संपतात, त्याला झोप हवीच. तलवार काही संपत नाही."

"योद्ध्याने झोपायचं नाही, असं लिहिलंय त्यात?"

मास्तरने एक पान उलटलं, मग मागचं पाहिलं. "नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही."

"मग ठरवलं कुणी?"

डॉक्टर आपल्या आडव्या सोंगटीकडे, तिची दाढ किडली असावी तसे निरखून बघू लागले.

"मला वीजबीज नको," थोरली म्हणाली. "मी दमलेय. आज माझा योद्धा झोपणार." तिने सोंगटी आडवी केली.

आतून बाबांनी हाक मारली. हाक नेहमी थोरलीच्याच नावाने असे. ती अर्धी उठली, आणि पुन्हा खाली बसली. धाकटीने मास्तरकडे बघितलं, मास्तरने पुस्तकाकडे. बाबांनी पुन्हा हाक मारली.

धाकटी उठली. दाराशी थबकून म्हणाली, "माझी खेळायची पाळी आली तर..."

मास्तरने तिच्या पात्राचा कागद उचलून पाहिला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला. "तुझं कुणाला नाही खेळता यायचं. थांबतो आम्ही."

खेळ थांबला. थोरली आजवर कितीदा उठून गेली असेल, पण तिच्यासाठी तो कधी थांबला नव्हता.

आत भांडं पडलं. "थांबा बाबा, थांबा," असं धाकटीचं ऐकू आलं. मग जरा घाबरलेल्या आवाजात, "ताई, यांना कुठल्या कुशीवर वळवायचं गं?"

"डाव्या. आधी पाठीशी उशी लाव." थोरली बसल्या जागेवरूनच म्हणाली.

बऱ्याच वेळाने धाकटी बाहेर आली. बाह्या भिजलेल्या, केस कपाळावर आलेले. ती खुर्चीत बसली. मग तिने आपला आडवा पडलेला जादूगार उचलला आणि गुहेच्या तोंडाशी नेऊन उभा केला.

"तू जागलीस तर उद्या तुझ्याकडे मंत्र नसतील," मास्तरने नियम सांगितला.

"नसू देत," धाकटी म्हणाली. "ताई, तू झोप."

थोरलीने टेबलावर हात दुमडले, त्यांवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. कान मात्र अजून आतल्या खोलीकडेच होते.