खरा सेन्सर कोणता

थर्मोकोलच्या पेटीतले तीन सेन्सर तीन तापमानं दाखवत होते: सदतीस, एकोणचाळीस आणि छत्तीस. शरयूला साडेसदतीस हवं होतं.

अंडी उबवायची ही पेटी ती दिवाळीपासून बनवत होती. पहिल्या सेन्सरबद्दल शंका आली म्हणून दुसरा मागवला, दोघांचं पटेना म्हणून तिसरा. खरा कोणता, हेच ठरेना. आणि मघाशी अंड्यांवर बसलेली कोंबडी मुंगसानं नेली. सासूबाई तिची अंडी पदरात गुंडाळून बसल्या होत्या.

“अगं, तुझ्या यंत्रांचं एकमत होईपर्यंत पिल्लं आतल्या आत म्हातारी होतील,” त्या म्हणाल्या. “माझ्या पदराची ऊब किती पुरणार?”

शरयूनं पेटीत वाकून पाहिलं. एक सेन्सर बल्बला खेटून, दुसरा झाकणाच्या फटीशी, तिसरा तळाला. वायर पोचली तिथे तिनंच चिकटवलेले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. जो तो आपल्या कोपऱ्याचं सांगत होता.

तिनं तिन्ही एकत्र बांधून अंड्यांच्या उंचीवर टांगले. आकडे हळूहळू जवळ आले, पण पुरते जुळले नाहीत.

“आई, मधला आकडा धरते,” ती म्हणाली. “द्या अंडी.”