पांढरी फिल्म

तारनाक्याच्या प्रयोगशाळेत भंगारातून आणलेल्या तेवीस एक्स-रे फिल्म होत्या आणि एक घरची, बाबांच्या छातीची, शेवटची. फिल्मवरची चांदी दीक्षा धाग्यावर चढवायची आणि त्या धाग्याचा हातमोजा बॅटरीवर गरम व्हायचा. आईची बोटं थंडीत आखडायची. "मला यांच्याच फिल्मचा कर, दुसऱ्याची चांदी नक्को," आई म्हणाली. "एका फिल्मची कितीशी निघणार?" "निघते की! बघ, केवढी पांढरीफटक आहे. नुसती चांदीच चांदी!" दीक्षाने फिल्म उजेडात धरली. चांदी उरते ती काळ्या भागात. निरोगी फुप्फुसं काळी दिसतात. बाबांची पाण्याने भरून पांढरी झाली होती. आठवड्याने तिने फक्त त्याच फिल्मच्या चांदीचा हातमोजा टेबलावर ठेवून बॅटरी जोडली. आई हात पुढे करून बसली. "तापला का गं?" दीक्षाने तापमापी लावली. खोली एकवीस अंशांवर होती, हातमोजाही एकवीस अंशांवर.