चूलबंद आवतन

लॉनवरचं गवत निम्मं कापून झालं आणि मशीनने मान टाकली. उद्या दुपारी याच हिरवळीवर रामलिंगच्या मंजुश्रीचं लग्न. लोह्यात दुसऱ्यांच्या लेकींची लग्नं थाटात लावून देणारा हा लॉन्सवाला, आणि घरच्या कार्यात हिरवळीची दशा अशी, की न्हावी अर्धी हजामत करून उठून गेलाय.

दोरी ओढली की इंजिन सुरू व्हायचं. भुर्र करून चढायचं, लगेच बसायचं, पुन्हा चढायचं. गवतात घातलं की बंद. रामलिंगने प्लग बदलला, फिल्टर झटकला, ताजं पेट्रोल घातलं, मग शिव्या घातल्या. शेवटी नाइलाजाने मकसूदला फोन लावला.

मकसूद मिस्त्री त्याच्याच गल्लीतला, भिंतीला भिंत लागून घर. एरवी आल्याआल्या "चहा सांग रे" म्हणून ओरडणारा माणूस. आज तो हत्यारांची पिशवी खाली ठेवून सरळ मशीनपाशी उकिडवा बसला.

"चालू कर."

रामलिंगने दोरी ओढली. इंजिन खालीवर व्हायला लागलं तसा मकसूदने चोक अर्धा ओढला. आवाज एका सुरात आला. चोक सोडला, पुन्हा तेच.

"पेट्रोल कमी पडून राह्यलं त्याला. बंद कर. किती दिवस उभी होती?"

"हिवाळाभर. गवत कुठं वाढतंय तवा."

मकसूदने पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरखालची वाटी सोडवली. तळाला पिवळा चिकट गाळ बसला होता.

"हे बघ. जुनं पेट्रोल राहून राहून गोंद झालाय त्याचा. वरून ताजं घालून काय फायदा?"

तो मशीनबद्दलच बोलत होता. तरी रामलिंगला ते लागलं.

गेले कित्येक दिवस रामलिंग पायाला भिंगरी लावून पत्रिका वाटत होता. पहिली देवाला, मग लातूरच्या डाळमिलवाल्यांना, नांदेडच्या पावण्यांना, पुढाऱ्यांना. गल्लीत तर त्याने घरोघर चूलबंद आवतन दिलं होतं. म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरी काही शिजवायचं नाही. मधेच एकदा बायकोने, उज्वलाने, विचारलं होतं, "मकसूदभाईकडं जाऊन आलात का?" आणि हा पटकन बोलून गेला, "तो घरचाच हाय. घरच्याला कशाचं आवतन?"

खरं सांगायचं तर तो विसरला होता. पण तोंडून निघालेलं वाक्य इतकं गोड होतं की त्यालाच खरं वाटलं. काल हळद झाली. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात सगळ्यांच्या आधी हजर असणारी बेगमबी, मकसूदची बायको, आली नाही. उज्वलाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून एक पत्रिका त्याच्या खिशात होती. द्यायला जायचं धाडस मात्र होत नव्हतं.

मकसूदने पेट्रोल आत सोडणारा पितळी जेट काढला, बारीक तार घालून भोक मोकळं केलं, फुंकर मारली आणि उन्हाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. मग पुन्हा बसवायला घेतला.

रामलिंगने खिशात हात घातला. पत्रिकेचे कोपरे मुडपले होते.

"मकसूद, द्यायची राहूनच गेली बघ. गडबडीत... तू तर घरचाच."

मकसूदने पत्रिकेकडे पाहिलं. हात पेट्रोलने ओले होते, ते त्याने पुढे केले नाहीत.

"घरचाच हाय मी. मंजूला खांद्यावर बसवून बालवाडीत कुणी सोडलं?"

"तेच म्हणतो मी."

"पर घरच्याला बी कुणीतरी 'ये' म्हणावं लागतंय. बेगमबीनं पोरीसाठी साडी आणून ठेवली. रोज दाराकडं बघायची. तू शेजारच्या घरात आवतन दिलंस तवा तिनं आमच्या घरात चहाचं आधण ठेवलं. आता येतील म्हणली." त्याने वाटी घट्ट केली. "तू तसाच पुढं गेलास."

रामलिंगने पत्रिकेचे मुडपलेले कोपरे अंगठ्याने सरळ केले.

"चुकलं माझं. आता तर घे."

"आता घेतली, तर मशीनला आलो म्हणून दिलीस असं वाटंल मला. जन्मभर वाटंल. न्हाई घेत."

त्याने कॉक उघडला, दोरी ओढली. इंजिन एका दमात लागलं आणि एकाच सुरात चालत राहिलं. उंच गवतात घातलं तरी अडखळलं नाही. मकसूदने एक पट्टा स्वतः कापून पाहिला, बंद केलं, आणि चिंधीला हात पुसले.

"झालं. पोरीच्या लग्नात दगा देणार न्हाई."

तो पिशवी उचलून मोटारसायकलकडे निघाला. रामलिंग पत्रिका हातात घेऊन मागे मागे गेला.

"उद्या ये रे. हात जोडतो तुझ्यापुढं. मंजू विचारंल, चाचा कुठं हाय."

"उद्या आमी न्हाईत गावात. आत्ता निघालो नायगावला, बेगमबीच्या भावाकडं."

"काय काम काढलंस उद्याच?"

"काम न्हाई," मकसूद म्हणाला. त्याने पिशवी हँडलला अडकवली. "सगळ्या गल्लीची चूल बंद, अन् आमच्याच घरात कुकरची शिट्टी वाजली, तर लोक तुला नावं ठेवतील."