चहाचं बोलावणं

यांगत्सेकाठच्या रंगकारखान्याविरुद्ध अर्ज केल्यावर फान मास्तरांना पोलिसचौकीतून चहाचं बोलावणं आलं. "आधी मला वकील हवा," मास्तर खुर्चीवर टेकण्याआधीच म्हणाले.

लुओ साहेबांनी पेल्यातल्या चहापत्तीवर थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. "अहो मास्तर, वकील लागतो संशयिताला. पहिली चौकशी झाली, की त्या दिवसापासून खुशाल करा. तो तुमचा हक्कच आहे. आपण तर नुसत्या गप्पा मारतोय."

गप्पा काही संपेनात. मास्तर घरी जायला उठले, की लुओ साहेब त्याच पत्तीवर नवं पाणी ओतत आणि तेच विचारत, "अर्ज लिहून कुणी दिला?" पत्तीला ना रंग उरला, ना चव. शेवटी मास्तरांना वाटलं, सांगून टाकायला काय हरकत आहे? थाओबाई स्वतः वकील आहेत, कायदा कोळून प्यायलेल्या. त्यांच्या केसाला कोण धक्का लावणार? त्यांनी थाओबाईंचं नाव सांगितलं आणि जबाबावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीतल्या त्याच खोलीत लुओ साहेब आले ते टोपी चढवून. आज पेला नव्हता.

"आता ही पहिली चौकशी, मास्तर. आजपासून तुम्हाला वकील करता येईल. बोला, कोण हवंय?"

"थाओबाई."

"त्या सकाळीच आल्यात," लुओ साहेब म्हणाले. "शेजारच्या खोलीत बसल्यात. चहा घेतायत."