बॉयलरचं झाकण

मुकादमाने वही लेकीच्या अंगावर भिरकावली.

"नाही म्हणजे नाही! भंगार बडवायचं आणि त्याला संगीत म्हणायचं. वर माझ्यासारख्या बहिऱ्याला पहिल्या रांगेत बसवायचं. लाज वाटत नाही?"

लेकीने वही उचलली, लिहिलं: 'बाबा, शेवटचा तुकडा ह्यांच्यासाठी बसवलाय. एकदाच या.'

ह्यांच्यासाठी, म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी. सात वर्षांपूर्वी तो कारखान्याचा बॉयलर आत उतरून खरवडत होता. बाहेरून झाकण लागलं, बॉयलर पेटला. झाकण लावण्याआधी मुकादमाने कान द्यायचा आणि आतून तीन ठोके आले की थांबायचं, अशी तिथली रीत. पण त्या दिवशी मालक पाहुणे घेऊन येणार होते, सगळ्यांची धांदल उडालेली. चौकशीत मुकादम म्हणाला, माझे कान कधीच गेलेत. तीस वर्षं त्या धडधडाटात काढलेल्याचे जाणारच, सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून घरात ही वही.

शेवटी मुकादम लेकीच्या कार्यक्रमाला गेला. आणि बसल्या बसल्या त्याला किळस आली.

एकजण संडासाच्या पाइपाच्या तोंडावर चपलेने हाणत होता. एक बाई दातात चमचा धरून तो बोटाने टिचकावत होती, लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरत होती. तिसरा कसायाकडून आणलेली हाडं एकमेकांवर घासत होता. आणि शेजारी अत्तर लावलेली माणसं डोळे मिटून डोलत होती. ज्या घाणीत आमची हाडं झिजली ती चाटायला आलेत भडवे, मुकादमाच्या मनात आलं. तरी तो बसून राहिला.

मग मागचा पडदा सरला. मधोमध एक जुना बॉयलर, झाकण घट्ट लावलेलं. वादकांनी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि हात मागे बांधले. लेक मुकादमाकडे पाठ करून उभी राहिली.

कुणी हललं नाही.

मुकादमाने खुर्चीचा हात धरला. सोडला. पुन्हा धरला. घामाने सदरा पाठीला चिकटला. एकदम तो उठला, धडपडत मंचावर चढला आणि झाकणाला भिडला.

"उघडा! अरे, उघडा कुणीतरी! आत माणूस आहे!"

लेक वळली नाही. वहीला तिने हातही लावला नाही.

"कशावरून, बाबा?" पाठमोरीच ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं, ठोकतोय ना तो!" मुकादम ओरडला.