आठ पानी बंदोबस्त

"गुप्त शब्द सांगा, आंटी," जुई म्हणाली.

ऋतिकाने हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला, गॉगल कपाळावर चढवला. सव्वासहा वर्षं जिला न्हाऊमाखू घातलं, ती पोटची पोर समोर उभी राहून तिला आंटी म्हणत होती. मागे उत्तनच्या समुद्रकाठच्या वाळूत पहिलीची चाळीस पोरं किल्ले करत होती. वर्गाच्या व्हेनेसा मिस कमरेवर हात ठेवून दोघींकडे बघत होत्या.

"अगं, मीच आहे."

जुईने गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं इवलंसं पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. तिथे लिहिलं होतं, न्यायला येणारा प्रत्येक जण 'मीच आहे' असंच म्हणतो.

ते ऋतिकानेच लिहिलं होतं.

सहलीची चिठ्ठी आली त्या दिवसापासून तिची काळज्यांची यादी वाढत होती. समुद्र, वारा, भरती, बसचा ड्रायव्हर कोण, त्याला चष्मा आहे का, असला तर नंबर किती. अशात एका दुपारी मोबाइलवर तिला तो प्रकार सापडला. एक कोरा कागद घ्यायचा, आठ चौकोन पडतील अशा घड्या घालायच्या, मधोमध कात्रीने एक चीर द्यायची, की कागदाचं आठ पानी पुस्तक तयार. झीन म्हणतात त्याला. लोक त्यात कविता लिहितात, मांजरी काढतात. ऋतिकाने जुईचा रक्तगट लिहायला घेतला.

पहिल्या कागदाची चीर थेट कडेपर्यंत गेली आणि पुस्तकाचं तोरण झालं. दुसऱ्यात निम्मी पानं डोक्यावर उभी राहिली, कारण उघड्या कागदावर एक रांग उलटी लिहायची असते, हे व्हिडिओतल्या मुलीने सगळ्यात शेवटी सांगितलं. पाचव्या कागदाला एकदाचं जमलं, एक पान तेवढं उलटं राहिलं. इंद्रलोकमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या छोट्या हॉलमध्ये मायलेकी पालथ्या पडून कामाला लागल्या. जुईने मुखपृष्ठावर मासा काढला. आत ऋतिकाने सहा फोन नंबर आणि बारीक अक्षरात चौदा सूचना बसवल्या. गुप्त शब्द ठरला 'झुंबर'. तो दोघींनी जेवताना, आंघोळीला जाताना, लिफ्टमध्येसुद्धा घोकला, शेजारचे बघायला लागले तेव्हा थांबल्या.

आज सकाळी आठला बस सुटली. पालकांना परवानगी नव्हती. साडेआठला मोबाइलने सांगितलं, भरती दुपारी साडेतीनला. नऊ वाजता ऋतिका स्कूटीवर होती. पूल ओलांडला, खाडी मागे पडली, डोंगरी गाव आलं, तोवर तिने वाक्य पक्कं केलं होतं. जुईला जरा खोकला आहे, घेऊन जाते.

आता ती वाकली आणि जुईच्या कानात म्हणाली, "झुंबर."

जुईने पुस्तकाभोवती हाताचा आडोसा केला, शेवटचं पान पाहिलं.

"चूक."

"चूक कसं असेल?"

"तो आईला माहीत होता. शब्द जगात कुणालाच सांगायचा नाही, असं लिहिलंय. म्हणून मी बसमध्ये बदलला."

ऋतिकाने मिसकडे वळून विनवलं, तुम्ही तर मला ओळखता. ओळखत होत्याच. आठवड्यातून तीनदा ऋतिका त्यांना गेटवर गाठायची. मिसनी पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, कारण ते एक पान तसंच वाचावं लागायचं, आणि मोठ्याने वाचलं, "शिक्षकांसाठी. व्यक्ती ओळखीची असली तरी शब्दाशिवाय मुलगी देऊ नये. ती रडली तरी." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "सॉरी हं, जुईच्या मम्मी. अक्षर तुमचंच आहे."

ऋतिकाचे डोळे तोवर भरलेच होते.

शेजारी बांबूंवर बोंबील वाळत टाकणाऱ्या सबीनाबाय मघापासून काम सोडून ऐकत होत्या. पोर न्हाय म्हणते आन बाई हलत न्हाय, असं त्यांनी स्वतःशीच नोंदवलं. मग त्यांना दया आली.

"बोंबील सांगून बघ गो. कुनास ठाव."

माणूस बुडायला लागलं की काय वाटेल ते धरतं. "बोंबील?" ऋतिका म्हणाली.

"दोनदा चुकलं," जुई म्हणाली आणि तिने छाती भरून श्वास घेतला.

ऋतिकाला अकरावी सूचना आठवली. तिसऱ्यांदा चुकल्यास जिवाच्या आकांताने ओरडणे. तेवढ्यात मागचे किल्ले थांबले. एकेक करून चाळीस पोरं उठली आणि चाळीस छात्या भरल्या. बसमध्ये जुईने सगळ्या वर्गाला पुस्तक वाचून दाखवलं होतं म्हणे. कडेच्या दोघांनी तर कानात बोटंही घालून ठेवली.

सबीनाबाय दोन पावलं मागे सरकल्या.

ऋतिकाच्या ओठांवर तिसरा शब्द आला होता. फुगलेल्या गालांच्या त्या रांगेपलीकडे तिने पाहिलं. समुद्र इतका आत गेला होता की त्यात भिजायचं म्हटलं तरी रिक्षा करावी लागली असती. अर्ध्या राहिलेल्या एका किल्ल्यावर झेंडा म्हणून जुईची चप्पल रोवलेली होती. जुईचे गाल लाल झाले होते, पण तिने श्वास सोडला नव्हता.

ऋतिकाने तो शब्द गिळला. मिसना म्हणाली, जाते मी. गॉगल डोळ्यांवर ओढला, स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटीकडे चालू लागली. मागे चाळीस श्वास एकदम सुटले, बोंबील हलले.

किल्ली लावत होती, तोच वाळूत धावती पावलं वाजली. जुई धापा टाकत आली. मिसचं लक्ष नाही ना, हे तिने वळून पाहिलं, टाचा उंचावून स्कार्फ खाली ओढला आणि तोंड कानाशी नेलं.

"आई, चार वाजता शाळेच्या गेटवर ये," ती कुजबुजली. "तिथे शब्द लागत नाही."