परस्पर केलेला नवस

"आई, तुझा नवस मला लागू होत नाही," धामणकर सर आरशात भांग पाडत म्हणाले.

करार कायदा आणि धर्मस्वातंत्र्य, या दोन विषयांत सरांचा हात धरणारा विद्यापीठात कुणी नव्हता. विभागप्रमुखपदी निवडही झाली होती. कुलगुरूंची सही तेवढी राहिलेली. आणि आईने त्या पदासाठी लेकाचे केस परस्पर बालाजीला कबूल करून टाकलेले!

"करार तू केलास, त्यात माझी संमती कुठेय? शिवाय श्रद्धा न ठेवण्याचं स्वातंत्र्य घटनेनंच दिलंय मला."

"बरं बाबा, राहिलं." शेंगा सोलायच्या थांबवून आईने देव्हाऱ्याकडे तोंड केलं, हात जोडले. "देवा, पोरगा नाही म्हणतोय. करार मोडला. तू दिलेलं पद तू खुशाल माघारी..."

"आई, थांब!" सर ओरडले. "सही व्हायचीय अजून!"

महिन्याभराने नव्या विभागप्रमुखांनी 'श्रद्धा नाकारण्याचा हक्क' या विषयावर व्याख्यान गाजवलं. टाळ्या घेत ते खाली उतरले, तर आई कुलगुरूंच्या हातावर तिरुपतीचा लाडू ठेवत होती.

"तो तिचा हक्क आहे," सर टोपी कानांपर्यंत ओढत म्हणाले.